पेटीतली ऊब

राजारामपुरी, कोल्हापूर
२१ ऑगस्ट २००५

प्रिय सुष्मिता,

तुझं पत्र मिळालं, बाळाचा फोटोही मिळाला. नाक आपल्या घराण्याचं आहे, त्याला इलाज नाही. पण पत्रातलं एक वाक्य मला पंधरा दिवस स्वस्थ बसू देत नाही. कपडे वाळवायचं तुमचं यंत्र चालू असताना बाळ रडलं, म्हणून तू ते मध्येच बंद करून गेलीस. दोन तासांनी घरभर जळका वास, आणि आतली दुपटी मधोमध करपलेली. पुढे तू लिहिलंस, ‘आत्या, माझ्या हातालाच आग आहे. शशिधर कामावर गेले की मी बाळाला घेऊन शेजारणीकडे जाऊन बसते. घरात एकटी राहतच नाही.’ परवा फोनवर मी शशिधररावांना एवढंच सांगितलं, की बाळाच्या तेलाचे कपडे त्या यंत्रात अजिबात घालू नका. का घालू नका, हे सांगायला फोन पुरला नसता, आणि तू मध्येच रडायला लागली असतीस. म्हणून हे पत्र. बाळ झोपल्यावर सावकाश वाच.

तुमच्या गावच्या अग्निशामक दलाचं ते चार पानी पत्रक तू ‘बघ माझी चूक’ म्हणून सोबत पाठवलंस. मी मात्र ते शब्दकोश घेऊन दोन रात्री चवीनं वाचलं. तुला माझी खोड ठाऊकच आहे. शाळेत मुलं मला मागनं ‘का-बाई’ म्हणतात, मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. कपडे आत घुसळले जातात तेव्हा त्यांची मऊ लव सुटते, जाळीत अडकते, उरलेली मागच्या नळीत साठत जाते, हवेची वाट कोंडते आणि मग ती लवच पेट घेते, हे वाचून मला फार नवल वाटलं. आपल्या अंगावरच्या कपड्यांतून एवढं जळण निघत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. जाळी तू दर वेळी साफ करतेस, ते तू लिहिलंयस. नळी शशिधररावांना भिंतीपासून ओढून आतून साफ करायला सांग, आणि बाहेरचं झाकण हवेनं उघडतंय का तेही बघू दे. पण तुझी दुपटी त्या लवेनं करपली नाहीत. ती लव असती तर आग नळीत लागली असती. तुझी दुपटी गठ्ठ्याच्या मधोमध करपली होती, यंत्र बंद झाल्यावर दोन तासांनी. हे ‘मधोमध’ वाचलं आणि माझ्या हातातला चहा निवून गेला.

कारण तो मधोमध करपलेला गठ्ठा मी आधी एकदा पाहिला होता. सन ब्याण्णवचा जुलै. तू तेरा वर्षांची, आणि तुझा भाऊ मृत्युंजय अवघा सोळा दिवसांचा. आठवडाभर ऊन नाही. दोरीवरचं लुगडं तीन दिवस ओलंच. मग आपल्याकडे जे करतात तेच केलं. मागच्या सोप्यात शेगडीत निखारे घालायचे, त्यावर वेताचं डालगं उपडं टाकायचं आणि बाळाची दुपटी, लंगोट, तेल पुसायची फडकी त्यावर पसरायची. डालग्यावर लक्ष ठेवायचं आणि शेवटी शेगडी विझवायची, हे काम तुझं. चारच्या सुमाराला तू शेगडी विझवून अभ्यासाला बसलीस. सातच्या सुमाराला बाळंतिणीच्या खोलीतली लाकडी पेटी पेटली. ओली बाळंतीण असलेल्या तुझ्या अव्वानं मृत्युंजयाला उचललं तेव्हा पाळण्याच्या चादरीला धग लागली होती. शेजारच्या हंबीररावांच्या घरची माणसं बादल्या घेऊन धावली नसती तर पुढचं लिहायला मी बसले नसते. पेटीतला गठ्ठा बाहेर काढला तेव्हा कडेची दुपटी ओळखू येत होती, मधली कोळसा झाली होती.

त्या रात्री आण्णांनी, तुझ्या वडिलांनीच, तुला विचारलं, शेगडी विझवली होतीस का. तू म्हणालीस, ‘पाणी ओतलंय की आण्णा. चर्र झाल्यालं मी ऐकलंय.’ दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू गप्प बसलीस, आणि गप्प बसलीस म्हणून सगळ्यांनी ते खरं धरलं. एखादी ठिणगी वाऱ्यानं खोलीत उडाली असेल, पोरीचं ध्यान नव्हतं, असं ठरलं. पंधरा दिवसांत तुला संकेश्वरला आजोळी धाडलं, ते दहावी होईपर्यंत. बाळ मोठं होईस्तोवर, असं सगळे म्हणत होते. तू मात्र शिक्षा म्हणूनच गेलीस. सुट्टीला आलीस तरी गॅस पेटवायला मला हाक मारायचीस, हे मी विसरलेले नाही.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच रविवारी मी गडमुडशिंगीला गेले, झुंबरबाईकडे. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला, न्हाऊ घालायला यायची ती. आता नजर अधू झालीय, पण जीभ होती तशीच आहे. त्या वेळी तेल कुठलं होतं, एवढंच मला विचारायचं होतं. ती म्हणाली, ‘खोबरेल न्हवतं बाई. त्या पावसात ते थिजायचं. करडीचं काढलंतं घाण्यावरनं.’ वर म्हणाली, ‘ह्ये इचाराय तुम्ही तेरा वर्सं लावलीसा.’ मी खाली मान घालून चहा प्यायले. येताना तिनं बाळासाठी झबलं दिलंय, ते पुढच्या पार्सलात येईल.

मग मी प्रयोग केला. हसू नकोस. अंगणात फरशीवर दोन बिस्किटांचे डबे ठेवले, शेजारी पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं. मृत्युंजय वही घेऊन बसला. पहिल्या दिवशी खोबरेल लावलेली फडकी घेतली, साबणानं धुतली, डालग्यावर वाळवली, गरमच डब्यात कोंबली. काही झालं नाही, फडकी निवाली. दुसऱ्या दिवशी करडीचं तेल घेतलं, पण फडकी वाळल्यावर आधी गार होऊ दिली. तरीही काही नाही. मृत्युंजय कंटाळून खेळायला गेला. तिसऱ्या दिवशी करडीच्याच तेलाची फडकी गरम गरम, घट्ट घड्या घालून डब्यात भरली आणि वर गोधडी लपेटली. दुसऱ्या डब्यात तशीच, पण कधीच तेल न लागलेली. शाळेचे दोन तापमापक दोन्हींत खोचले. साध्या डब्यातला पारा मुकाट्यानं उतरत गेला. तेलाच्या डब्यातला पन्नासपर्यंत उतरला, तिथं थांबला, आणि तासाभरानं चढायला लागला. आसपास काडी नाही, निखारा नाही. पंचावन्न. सत्तर. नव्वद. शंभरापाशी मी तापमापक काढून घेतला, आणि जळका वास येताच डबा बादलीत उपडा केला. वरची फडकी पांढरीच होती. मधली काळी.

पुस्तकात याचं कारण आहे. काही तेलं हवेशी संयोग पावताना ऊब सोडतात. साबणानं ती पुरती जात नाहीत. कपडे पसरलेले असले तर ती ऊब उडून जाते. गरम गरम रचून कोंडले तर बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ती वाढत जाते. तुझं यंत्र शेवटची दहा मिनिटं गार हवा फिरवतं ते यासाठीच. तू बाळाकडे धावलीस तेव्हा नेमकी तीच दहा मिनिटं राहिली. आणि ते करडीचं तेल तुला कुणी पाठवलं? आमच्या शाळेच्या धनवडे बाईंच्या मुलाबरोबर, दोन बाटल्या, मीच. ते ओतून टाक. तेलाची फडकी दोरीवर पसरून वाळव, आणि तुमच्या छताला तो धुराचा भोंगा आहे, त्याचं बटण दाबून बघत जा.

आता राहिलं ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. त्या दिवशी डालग्यावरची फडकी काढून पेटीत मी भरली होती, सुष्मिता. बाळाला ऊबदार मिळावीत म्हणून, गरम असतानाच, घट्ट घड्या घालून, वर गोधडी दाबून. तेलाचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगते. पण दुसरं एक माहीत होतं. आग विझल्यावर कंदील घेऊन मी मागच्या सोप्यात गेले होते. शेगडी पाण्यानं काठोकाठ भरलेली होती आणि निखारे काळे, थंडगार होते. तू खरं बोलत होतीस हे मला त्याच रात्री कळलं होतं. मी बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की मग पेटीत कपडे कुणी ठेवले. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली, भावाच्या घरात राहणारी बाई. मी भ्याले, आणि तेरा वर्षांच्या पोरीला पुढे केलं. जगाला ‘का’ विचारत फिरले, तेवढा एकच ‘का’ कुणाला विचारू दिला नाही. काल इथवरचं पत्र मी आण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘पोरगी दोनदा सांगत हुती की गं.’ तुला फोन करायला ते उठले आणि परत बसले. त्यांचा फोन येईल, तेव्हा त्यांना बोलायला वेळ दे. माझ्यावर रागव, हवं तर वर्षभर बोलू नकोस, ते मला सोसेल. पण शशिधररावांना उद्या खुशाल कामावर जाऊ दे, शेजारणीला सांग की आज येत नाही, दार लावून घे आणि बाळाला एकटीनं न्हाऊ घाल. शेगडी तू विझवली होतीस.

तेरा वर्षं उशिरा बोललेली,
तुझीच,
सौंदर्याआत्या