दसारामजींचा घोटा

११ नोव्हेंबर. देवरी.
कॅज्युअल्टीत सकाळपासून गर्दी. दुपारी दसारामजी आले, सत्तरी ओलांडलेले. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून घसरले. स्वतः चालत आले. मागून बायको, सगुणाबाई.
उजवा घोटा टम्म सुजलेला. दोन्हीकडून हाड दाबलं.
"दुखते का?"
"नाही जी."
आणखी जोरात दाबलं. "काही नाही दुखून राह्यलं, म्याडम. बुढीच घेऊन आली."
चालून दाखवा म्हटलं, तर हसत चालले. हाड दुखत नाही, वजन टाकता येतं. नियमाप्रमाणे एक्स-रेची गरज नाही. घरी पाठवणारच होते, तेवढ्यात सगुणाबाई बोलल्या, "शुगर हाये यायले. मागं इंगळावर पाय पडला. चामडी जळल्याचा वास मले आला, यायले पत्ताच नाही."
एक्स-रे काढला. घोट्याची दोन्ही हाडं मोडलेली. त्याच पायावर माझ्यासमोर चालले!

त्याच दिवशी, संध्याकाळी.
अर्धं प्लास्टर घातलं. गोंदियाला जा, ऑपरेशन लागेल, पाय टेकवू नका. सगळं सांगून झालं. "दुखत नाही तं गोंद्याले कायले जाऊ? धान पडलं हाये." स्वतःच्या जबाबदारीवर जातो, अशी सही करून गेले.
मुर्रीला, घरी फोन केला. बाबांना म्हटलं, अंगणात अनवाणी फिरू नका. हसले. त्यांचीही शुगर...

१४ नोव्हें.
सगुणाबाईंचा फोन. प्लास्टर विळ्यानं कापून टाकलं. "ऐकूनच नाही राह्यले, म्याडम." आवाज घाबरलेला.

१५ नोव्हें.
ड्यूटी संपल्यावर गाडी काढून त्यांच्या गावी गेले. दसारामजी खळ्यात उभे, धानाच्या पेंढ्या उचलत. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, जणू दुसऱ्याच कोणाचं. आतल्या घोट्यावर कातडी काळी पडून फाटलेली. हात लावला तर चटका बसावा इतकं गरम.
ते पायाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.
"तुमचं तोंड काऊन उतरलं, म्याडम?"
सगुणाबाईंनी त्यांच्या हातातली पेंढी ओढून घेतली. "आता बसा गाडीत. माह्यासाठी बसा." बसले. गोंदियाला मीच सोडलं.

१६ नोव्हें.
तिथल्या हाडाच्या डॉक्टरांशी बोलले. आत पू झालाय. साफ करून बघतो म्हणाले. पाय राहील का विचारलं तर, "देखते हैं."
आज ओपीडीत दोन म्हाताऱ्या आल्या, पाय मुरगळलेल्या. हात लावताच एक किंचाळली. मला बरं वाटलं. कसं सांगणार कोणाला!

१८ नोव्हें.
सकाळी सगुणाबाईंचा फोन. आवाजात केवढा आनंद.
"म्याडम, आता दुखते म्हंते! पयल्यांदा म्हनून राह्यले. चांगलंच झालं ना?"
ज्या पायाला इंगळ कळला नाही, तो आता दुखतोय. म्हणजे पू खोल, हाडापर्यंत... किंवा आणखी वर, रक्तात पसरतोय.
"ताप आहे का?"
"थोडासा हाये. थंडी वाजते म्हंते."
डॉक्टरांना लगेच बोलवा म्हटलं. फोन चालूच राहिला. पलीकडे त्या कोणाला तरी हाका मारत धावताहेत, आणि मागून दसारामजींचं कण्हणं.