सुपाऱ्यांच्या लग्नातला धवला

आये, तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे पत्र तू असताना लिहिलं असतं तरी मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग यातली एक गोष्ट मी नक्की गाळली असती. आता तुला जाऊन बरीच वर्षं झाली. लपवायचं कुणापासून, म्हणून सगळं लिहिते.

नालासोपाऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी कॉम्प्युटर आणला तो छापखान्याची जादा कामं घरी करता यावीत म्हणून. त्याच सुमारास डॉक्टरांनी तुझी छाती तपासून सांगितलं, की दमा वाढलाय, लग्नांत गाणं आता बंद. उमेळ्यात आणि आसपासच्या गावांत अख्खा धवला येणारी तूच एक धवलारीण उरली होतीस. मांडव उभा राहण्यापासून वरात निघेपर्यंत लग्नातला एकेक विधी तू गाऊन लावायचीस. भटजी आला तरी तुझ्यानंतर. तुझ्या हाताखाली कुणी शिकलं नाही. मी, तुझी एकुलती एक मुलगी, शाळेत असताना 'मला नाही ते गावठी गाणं शिकायचं' म्हणून मोकळी झाले होते. ती बोच मनात होतीच. निदान तुझा आवाज तरी राहिला पाहिजे, आणि तो मीच राखणार, असं मी ठरवून टाकलं.

तू आधी दादच देईनास. लग्नाशिवाय धवला म्हणायचा नसतो, हे तुझं एकच पालुपद. मी आठवडाभर मागे लागले, तेव्हा एका रविवारी सकाळी रिक्षानं आलीस, कनवटीच्या दोन सुपाऱ्या काढल्यास, त्यांना हळदकुंकू लावलंस आणि मॉनिटरपुढे तांदळावर मांडल्यास. हा नवरा, ही नवरी. मी हसले नाही, कारण तू हसत नव्हतीस. मग डोळे मिटून तू गायला लागलीस, आणि मी हेडफोन कानाला लावून श्वास रोखून बसले. बाराव्या मिनिटाला कडकड सुरू झाली, कुणीतरी पापड मोडत बसल्यासारखी, आणि मध्येमध्ये तुझा आवाजच गायब. मी हात वर करून तुला थांबवलं. म्हटलं, इथूनच पुढे म्हण, मागचं-पुढचं मी कॉम्प्युटरवर जोडते, कुणाला कळणारसुद्धा नाही.

"मधीच थांबला त नवरी अर्ध्या वाटेवं उभी ऱ्हाते," तू म्हणालीस. "जोडलेला धवला कंच्याच लग्नाला लागत नाय. पयल्यापासून."

नुसतं पहिल्यापासून नव्हे, सुपाऱ्याही नव्या. मोडलेल्या लग्नाचं जोडपं पुन्हा बोहल्यावर चढवायचं नाही म्हणे. त्या दिवशी तू तीन जोडपी मांडलीस आणि माझ्या यंत्रानं तिन्ही लग्नं मोडली. शेवटी तुझ्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. मला रडू आलं, आणि तू त्या सहा सुपाऱ्या पदराला बांधत शांतपणे म्हणालीस, की आधी तुझ्या पेटीला शिकव, मग मला बोलव. तुझं ते बोलणं मला फार लागलं, आणि बरं झालं लागलं.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, ताई, मशीनच बदला. मी म्हटलं, बघते. एक वही घेतली. रोज कामावरून आल्यावर एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, दोन नाहीत. पण तपासायचं कशावर? तुझा दम तर मोजका. मग गजराचं घड्याळ माइकसमोर ठेवलं आणि चाळीस मिनिटं त्याची टिकटिक रेकॉर्ड केली, कारण धवला तेवढा होता. एक जरी टिक गळली तरी कळणार होतं. शेजारीण विचारायची, घड्याळाला गायला लावतेस की काय. हळूहळू मला उमगलं, की आवाज आधी एका छोट्या जागेत साठतो आणि तिथून डिस्कवर उतरतो. नळाखाली लहान तपेली लावली आणि ती रिकामी करणारं माणूस भलत्याच कामात गुंतलं, तर पाणी सांडणारच. मी तपेलीच्या जागी बादली केली, म्हणजे ती साठवणीची जागा वाढवली. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम ऐन गाण्याच्या मध्ये डिस्क उपसत बसायचा, तो बंद केला. पडद्यावर आपोआप फिरणारी चित्रं बंद केली. डिस्कवरचा पसारा आवरला. तरी एक कडकड उरलीच, ती फ्रिजची निघाली. तो सुरू झाला की दिवा मिणमिणायचा आणि आवाज तुटायचा. वहीत लिहिलं, 'फ्रिज बंद', आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या संध्याकाळी मी चाळीस मिनिटं टिकटिक ऐकली, एकही टिक गळली नव्हती. एवढा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

दीड महिन्यानं तू पुन्हा आलीस. जिन्यावर दोनदा बसलीस. हातात ओल्या बोंबलांची पिशवी, माझ्यासाठी. तू सुपाऱ्या मांडतेस, मी माइक लावते, वही बघून बाकी सगळं सकाळीच जागच्या जागी केलंय. तू गातेस, आणि काय गातेस आये. एकतिसाव्या मिनिटाला दिवा मिणमिणतो. तुझे बोंबील नासू नयेत म्हणून मीच मघाशी फ्रिज चालू केला होता.

मी हात वर केला नाही. तू शेवटपर्यंत गायलीस आणि भिंतीला टेकून बसलीस, तुझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं. थोड्या वेळानं तू ऐकायला मागितलंस. मी लावलं. ती जागा आली, नुसती कडकड झाली, आणि तू डोळे न उघडता तळ्यावरून पाणी आणायची तेवढीच अर्धी ओळ हळूच म्हणालीस: "बावखलाचा पानी गो, आत्याबाय आनी." पुढे आवाज नीट सुरू झाला आणि तू गप्प झालीस.

सगळं संपल्यावर विचारलंस, "लागला ना लगीन?"

"लागला," मी म्हटलं.

यावेळी सुपाऱ्या तू पदराला बांधल्या नाहीस, माझ्या हातावर ठेवल्यास. ओळ तुटलीय हे तुला कळलं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी विचारलं नाही. ते वर्ष काही तू पुरं केलं नाहीस.

त्या रेकॉर्डिंगची मी सीडी केली, ती आता नात्यातल्या लग्नांत लावतात. लावायला मीच जाते, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. एकतिसावं मिनिट जवळ आलं की स्पीकरशी जाऊन उभी राहते आणि कडकड झाली की ती अर्धी ओळ मोठ्यानं म्हणते, नवरी वाटेत उभी राहू नये म्हणून. बायका म्हणतात, बघा, लेकीनं आईची विद्या राखली. मी मान हलवते. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, आये, की अख्ख्या धवल्यातली मला तेवढी अर्धीच ओळ येते.