नाक्यावर भेटलेली आजी

हळर्ण, मंगळवार संध्याकाळ

तनूला दोन महिने झाले, आणि आज तिला आजी दिसली. आई पलीकडे दोडामार्गात, आम्ही गोव्यात, मध्ये लॉकडाऊनमुळे हद्दीच्या नाक्यावर आडवा बांबू. आई सकाळी उन्हातून चालत आलेली. मला वाटलं होतं, तिला बघून तरी सोडतील. हवालदार म्हणाला, "मावशे, सोडूक मेळचा नाय. नियम आसा." असा राग आला त्याचा!

आई मास्क नाकावर ओढून, सहा फुटांवरून मान वाकवून बघत राहिली. तनू भलतीकडेच बघत होती. मास्कमागे आजी आहे हे तिला कसं कळणार?

मग तोच म्हणाला, "मावशे, मास्क जरा सकल कर. नातीक तुजा तोंड दिसूंदे. मी थंय बघतंय." आणि खरंच पाठ फिरवून उभा राहिला.

आईने मास्क खाली केला, "बाय गो!" म्हणून हाक मारली. तनू टक लावून बघत राहिली आणि हसली. आई रडली. मीसुद्धा.

त्या गडबडीत त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. त्याच्याही तोंडावर मास्क होता. उद्या डिचोलीच्या बाजारात समोर आला, तरी मी त्याला ओळखणार नाही.