आस्टाचं रक्त, माझं रक्त

स्वेनबोर्ग, ३ मार्च १९६७

फेरीच्या तिकीटखिडकीवरून घरी आले, तर स्वयंपाकघरात एक बाई माझ्या नवऱ्यासोबत, थोरवाल्डसोबत, कॉफी पीत बसलेल्या. डॉ. लिसबेट क्राग. देशभरच्या चर्चमधल्या जन्मवह्या चाळून त्या जुळी शोधताहेत. ज्यांच्यातलं एक मनानं आजारी आहे, अशी. वहीत आमची नावं सापडली — आस्टा आणि डाग्नी.

जुळी बहीण आस्टा इस्पितळात जाऊन बावीस वर्षं झाली. तिला आवाज ऐकू येतात.

बाईंनी विचारलं, तुम्ही एकसारख्या का? नेहमीचंच उत्तर दिलं — नाही. सुईण म्हणाली होती, दोघींची वार, नाळेमागचा तो गोळा, वेगवेगळी होती, म्हणजे दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्या. शिवाय मी उंच, आस्टा चणीनं लहान. आस्टाचा आजार माझ्यातही असेल या धास्तीनं लग्नाआधी सासूबाईंनीही हेच विचारलं होतं. या 'नाही'वरच त्यांनी होकार दिला.

४ मार्च

शेकडो जोड्या! बाई एकेका घरी जाऊन बसतात. म्हणाल्या, जो आजारी पडला त्याच्याइतकंच जो पडला नाही त्याच्याकडून शिकायचंय. मी आजारी पडले नाही, याचा कुणाला उपयोग असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

११ मार्च

इस्पितळात गेले. आम्ही खरंच वेगळ्या का, ते पडताळायला दोघींचं रक्त घेतलं, बोटांचे ठसे घेतले, कान मोजले. सुई टोचताना मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागले. काचेत दिसलं, शेजारी आस्टाही तेच करत होती. दोघी सातावर थांबलो.

अंगावर काटा आला. भीतीनं नाही. काहीतरी फार मोठं जवळून गेल्यासारखं वाटलं.

२९ मार्च

बाई निकाल घेऊन आल्या. रक्ताच्या सगळ्या खुणा जुळल्या. आम्ही एकाच बीजाच्या. वार वेगळी असूनही असं होऊ शकतं म्हणे, सुईणी तिथंच फसतात. आस्टा लहानपणी वर्षभर अंथरुणाला खिळली होती, म्हणून उंची खुंटली असावी.

मी विचारलं, "मग माझं कधी सुरू होणार?"

"चव्वेचाळीस वर्षांत झालं नाही. बहुतेक होणारही नाही. कितीतरी जोड्यांत दुसरं माणूस धडधाकट राहतं."

"का?"

"ते कळलं असतं तर मी तुमच्या दारी कशाला आले असते, डाग्नीबाई?"

 थोरवाल्डनं राय धान्याच्या काळ्या पावाला लोणी लावून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, आईला तेव्हा खरं कळलं असतं तरी मी तुझ्याशीच लग्न केलं असतं. मला ते पुरतं खरं वाटलं नाही, पण गोड वाटलं.

३० मार्च

बीज एकच. ती तिथं, मी इथं. मधे काय आहे, ते जगात कुणालाच ठाऊक नाही. दिवसभर तिकिटं चुकीची फाडली.

६ एप्रिल

आस्टाला निकाल सांगितला. ती विणत होती. मान वर न करता म्हणाली, "मला केव्हाचंच ठाऊक आहे, डाग्नी. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा आवाज सारखे म्हणायचे, तिच्या सासूला सांगून टाक, सांगून टाक. मी नाही सांगितलं."