ताळा तुमचाच होता, रशीदभाई

प्रिय रशीदभाई,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. आधी हिंमत नव्हती. आजही फारशी नाही. पण काल देगलूरचे येरावार सर लातूरला माझ्या क्लासमध्ये आले आणि त्यांच्या क्लासला आलेली एक नोटीस त्यांनी माझ्यासमोर ठेवली. त्याच कंपनीची. उत्तरपत्रिका तपासायचा तुमचा ‘ताळा’ हा प्रोग्रॅम वापरू नका, ती आमच्या शोधाची नक्कल आहे, असं म्हणणारी. आणि पुरावा म्हणून मागे काय जोडलंय, माहितेय? मी लिहून दिलेला कागद. त्यावर माझी सही आणि तिच्याखाली तुमची.

“मॅडम, रशीदभाईनं चोरी केल्ती का?” सरांनी विचारलं. “तुम्हीच लिहून दिलंय म्हणून इचारून राहिलो.”

मी तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

तुम्ही आणि चोरी! भूकंपानंतर मी पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवत होते, तेव्हा तुम्ही देगलूरहून टेम्पोभर वह्या घेऊन आला होतात. तुमच्या अब्बांच्या बाइंडिंगच्या दुकानातले एका बाजूनं छापलेले कागद शिवून केलेल्या वह्या. पोरं एका पानावर गणितं सोडवायची आणि मागच्या पानावर कुणाकुणाच्या लग्नपत्रिका वाचत बसायची! मी घेणाऱ्यांची नावं लिहायला कागद काढला, तर तुम्ही म्हणालात, “ताई, नावं कशाला लिहिता? ज्याला लागंल त्यो घेईल.” तेव्हापासून मी तुमची ताई झाले.

मग लातुरात क्लासच क्लास झाले. कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. मीही दोन खोल्यांत क्लास काढला आणि शेजारच्या गाळ्यात तुमचं बाइंडिंगचं दुकान आलं. दर रविवारी चाचणी, आणि सोमवारी निकाल नाही लागला तर आईबाप दारात! तपासून तपासून आमची बोटं दुखायची. तुम्ही प्रश्नपत्रिका टाइप करायला म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरवर स्वतःच शिकत शिकत प्रोग्रॅम लिहिलात. साधा झेरॉक्सचा कागद, त्यावर पोरांनी काळे केलेले उत्तरांचे गोल, ते वाचायला साधा स्कॅनर, कागदाच्या चार कोपऱ्यांत चार काळे चौकोन. बस्स.

पहिला रविवार आठवतो का हो? अर्धा वर्ग नापास! पहिला येणारा मुलगा शून्यावर. तो रडतोय, मी तुमच्यावर चिडलेय, आणि तुम्ही डोक्याला हात लावून बसलात. उत्तरपत्रिका तुम्ही रचल्या होत्या, आणि त्याही बाइंडरच्या सवयीनं, शिवलेल्या वह्या रचतात तशा, एक सुलटी आणि एक उलटी, थप्पी कलू नये म्हणून. प्रोग्रॅम बिचारा अर्धे कागद उलटे वाचत गेला.

दुपारपर्यंत तुम्ही एक चौकोन लहान केलात. लहान चौकोन दिसला की प्रोग्रॅमला कागदाची वरची बाजू कळायची. “आता कसाबी टाका कागद,” म्हणालात, आणि मुद्दाम पुन्हा एकाआड एक उलटे रचून दाखवलेत. सगळे निकाल बरोबर आले. त्या पोराला तुम्ही जिलेबी खाऊ घातलीत.

तुम्ही तो विकला असता तर? मी कितीदा म्हटलं. तुमचं एकच, “मी इकून न्हाई राहिलो ताई, देऊन राहिलो.” प्रोग्रॅम आतून उघडा ठेवलात. ज्याला वाचता येईल त्यानं वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. येरावार सरांनी त्यात तेलुगू घातलं. मुदखेडच्या एका मास्तरांनी चुकलेली उत्तरं वेगळी छापायची सोय केली आणि ती तुम्हाला पाठवली, तर तुम्ही लहान मुलासारखे खूश! त्याला ओपन सोर्स म्हणतात, हे आपल्याला फार नंतर कळलं.

आणि तेच त्या कंपनीला नडलं. त्यांचं मशीन आणि प्रोग्रॅम मोठे क्लासवाले विकत घ्यायचे. बिलोलीतल्या एका खोलीतल्या क्लासला ते परवडणारं नव्हतं, पण ‘ताळा’मुळे त्याचंही अडत नव्हतं. मग नोटीस आली. कोपऱ्यातल्या लहान-मोठ्या चौकोनांवरून कागदाची दिशा ओळखणं, हा म्हणे त्यांचा शोध! त्यावर म्हणे त्यांचं पेटंट!

तुम्ही नोटीस दोनदा वाचलीत आणि म्हणालात, “ताई, इथं अर्ज केला म्हणून लिहिलंय. पेटंट मिळालं म्हणून न्हाई लिहिलं. लढू ना.” बरोबर बोलत होतात. पण मी ऐकलं का? परीक्षेला महिना राहिला होता. कॉम्प्युटर सील होतील, पोरांच्या चाचण्या थांबतील, क्लासचं नाव पेपरात येईल, एवढंच मला दिसत होतं. आमचे वकील म्हणाले, माफीचा कागद द्या आणि मोकळे व्हा. मजकूर कंपनीनंच पाठवला होता. त्यात ते वाक्य होतं: सदर प्रोग्रॅम आपल्या शोधाची नक्कल करून तयार केला, हे आम्ही मान्य करतो.

मी सही केली आणि कागद तुमच्यापुढे सरकवला. “माझ्यासाठी करा,” म्हटलं. तुम्ही वाचलंत. चष्मा काढून पुसलात, पुन्हा वाचलंत. मला वाटलं, आता फाडणार. तुम्ही एवढंच विचारलंत, “कुठं करू सही?”

का केलीत हो? एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर! ‘ताळा’च्या सगळ्या सीडी मीच मोडल्या, इंटरनेटवरून प्रोग्रॅम मीच काढायला लावला. त्यानंतरही तुम्ही रोज सकाळी “सलाम ताई” म्हणत राहिलात, आणि मी दुकानासमोरून जायचं टाळत राहिले. पुढे तुमच्या छातीत दुखायला लागलं, तुम्ही गाळा बंद करून देगलूरला गेलात, आणि एक दिवस फोनच आला. मातीला आले होते मी. सलमाभाभींनी माझा हात धरून सांगितलं, “ताई, वो प्रोग्रॅम पुराना हो गया बोले, इसलिए बंद किया बोले.” घरच्यांनाही खरं सांगितलं नव्हतंत तुम्ही. मी तिथेही गप्प बसले.

काल येरावार सरांनी नोटिशीबरोबर एक जुनं निकालाचं रजिस्टर आणलं होतं. तुम्हीच बांधून दिलेलं. ओल लागून त्याचा पुठ्ठा सुटला होता. आत थरावर थर चिकटवलेले, ‘ताळा’च्या छापील ओळींचे कागद! मी सगळं नष्ट केलं असं मला वाटत होतं, पण बाइंडर कुठे कागद फेकतो! एका कागदाच्या तळाला तारीख छापलीय. बाजूला तुमच्या पेन्सिलीनं लिहिलंय: “अर्धी पोरं नापास. एक चौकोन लहान केला.”

मी खूप रडले, रशीदभाई. येरावार सर बिचारे पाणी आणायला धावले.

मग नांदेडच्या एका वकीलबाईंना फोन केला. ती तारीख कंपनीच्या अर्जाच्या तीन वर्षं आधीची निघाली. त्यांना पेटंट अजूनही मिळालेलं नाही आणि त्याला कुणीही हरकत घेऊ शकतं. तुम्ही म्हणाला होतात ते शब्दन् शब्द खरं होतं. पण वकीलबाई म्हणाल्या, “मॅडम, तुमचा माफीचा कागद मधे येतोय. तो खोटा होता, हे तुम्हालाच शपथेवर सांगावं लागेल. ते तुम्हाला कोर्टात खेचतील.” खेचू देत. क्लास जाईल कदाचित. परीक्षा तर दरवर्षीच महिन्यावर असते.

वचन देते. प्रतिज्ञापत्र तयार आहे. त्यात मी लिहिलंय की ‘ताळा’ रशीदभाईंनी केला, माझ्या डोळ्यांदेखत केला, कुणाचंही पाहून केला नाही, आणि नक्कल केल्याचं मी भीतीपोटी खोटं लिहून दिलं. उद्या नांदेडला जाऊन सही करणार आहे. पण आधी देगलूरला उतरणार. सलमाभाभी नेहमीसारख्या चहा ठेवायला उठतील. त्यांना बसवीन आणि चहाआधी ते प्रतिज्ञापत्र वाचून दाखवीन, मी खोटं लिहून दिलं त्या वाक्यासकट. मग त्या मला उंबऱ्याबाहेर काढोत की जवळ घेवोत, तिथून उठून मी सही करायला जाईन.

तुम्ही अजून म्हणू दिलंत तर, तुमची ताई,
सुनंदा