चौथा बगळा

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय नत्थू,

माझं अक्षर पाहून रुखमावहिनींनाही नवल वाटलं असेल. दोन वर्षांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज एकदम चार पानं. जरा बसून वाच. हातमागासाठी कांड्या भरायला थोडा उशीर झाला तर तुझा भाऊ काही बोलणार नाही.

आधी बातमी सांगतो. धंतोलीच्या बागेतलं बिडाचं ओतीव कारंजं आठवतं ना? इंग्रजांच्या वेळचं, वरच्या परातीभोवती चार बगळे असलेलं. कारखान्यातून घरी जाताना आपण तिथं सायकली उभ्या करायचो. तू दर वेळी बगळ्याच्या मानेवर बोट फिरवायचास आणि म्हणायचास, "याचा जोड कुठं हाय, सापडूनच नाही राहिला गा." मी कंटाळून पुढं निघायचो, तू तिथंच. तेव्हा पाणी तरी यायचं. पुढं ते बंद पडलं, परातीला तडा गेला, दोन बगळे कोणीतरी तोडून नेले, आणि मागच्या दिवाळीत उरलेलं सगळं भंगारात काढायचं ठरलं.

ते वाचलं शरच्चंद्र नावाच्या एका तरुण ओव्हरसियरमुळे. लहानपणी तिथल्या दवाखान्यात आजारी आईला भेटायला आला की तो याच कारंज्याशी बसायचा म्हणे. एक जुना फोटो घेऊन तो आपल्या कारखान्यात आला आणि विचारलं, "होईल काय हे नीट?" मालकांनी, ओमप्रकाशजींनी, माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. म्हणताना तुझी आठवण आली, कारण हे काम तुझ्या हातचं होतं, माझ्या नाही.

तरी लागलो. बोल्ट इतके गंजले होते की चार दिवस रॉकेल पाजावं लागलं. रंगाचे थर खरवडले तर खाली एकेक पीस दिसायला लागलं, देठासकट! कोणी केलं असेल रे ते? सगळी परात कोळशावर तापवून तडा पितळेनं सांधला. बगळ्यांचं काम खरं अवघड. जुना बगळा तसाच वाळूत दाबला असता तर नवा बुटका निघाला असता. बीड थंड होताना आकसतं, हे तुला मी काय सांगू? म्हणून जुन्यावर मेणाचा पातळ थर चढवला आणि मग साचा घेतला. प्रेमलता एका रविवारी पाहायला आली होती. ती आता कॉलेजात शिकते. म्हणाली, बाबा, हा तर पावसात भिजून फुगलेला बगळा दिसतो. खूप दिवसांनी मी कारखान्यात हसलो.

मान आतून पोकळ हवी, म्हणजे साच्याच्या आत बसवायचा कोर आलाच. वाळू आणि काकवी मळून कोर केला, भट्टीत भाजायला ठेवला. २६ जानेवारीला कारंजं सुरू करायचं ठरलेलं, त्यामुळे मालकांची घाई. वीस तारखेला कोर बाहेर काढला. वरून बदामी, कडक, टिचकी मारली तर खणखणीत. तिकडं बिडाचा रस तयार. मालक म्हणाले, "देवाजी, वाळला ना? मग ओता." मी हातोडी घेतली आणि कोर मधोमध फोडला. आत काळपट ओल होती. मालक ओरडले, "पागल झाला काय? दोन दिवसांचं काम मातीत घातलं!" मी तिथंच वाळूवर बसलो आणि त्यांना एक गोष्ट सांगितली. ती पुढं लिहितो.

२६ जानेवारी कारंज्याशिवाय गेली. दुसरा कोर पूर्ण भाजला, त्याच्याबरोबर भाजलेला एक तुकडा फोडून पाहिला आणि मगच रस ओतला. रसानं साधी फुरफुरसुद्धा केली नाही. साचा फोडला तेव्हा बगळा मान वर करून उभा होता. परवा शुक्रवारी बागेत पाणी सोडून पाहिलं. आधी हवा खोकली, मग गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. तीन चोचींतून तीन धारा! दवाखान्यांत पेशंट ठेवून बाहेर थांबलेली माणसं डबे तसेच उघडे टाकून भोवती गोळा झाली. यवतमाळकडची एक बाई धारेखाली हात धरून कितीतरी वेळ उभी होती. चौथ्या बगळ्याच्या जागी सध्या लाकडाचा गुट्टा ठोकला आहे.

आता ती गोष्ट. सदुसष्टचा तान्हा पोळा. प्रेमलता सहा वर्षांची होती, लाकडी बैल सजवून माझी वाट पाहत बसली होती. त्या दिवशी पंपाच्या साच्याचा कोर भाजायचं काम माझ्याकडं होतं. सहा तास लागणार होते. लवकर सुटायला मिळावं म्हणून मी तो तीन तासांतच बाहेर काढला. तू विचारलंस, "वाळला काय गा?" मी म्हणालो, "हो गा, वाळला." तू माझ्या शब्दावर तो साच्यात बसवलास, रस ओतलास, आतल्या ओलीची वाफ झाली आणि साचा फुटला. तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालक म्हणाले, नत्थूनं साच्याला हवेची भोकं ठेवली नाहीत, वाफ कोंडली, आणि तुला कायमचं घरी बसवलं. सगळ्यांनी ते मानलं. सगळ्यांत वाईट म्हणजे तूही मानलंस. दोनदा उमरेडला आलो होतो ते हेच सांगायला. दोन्ही वेळा तू स्वतःच म्हणालास, "माझंच ध्यान नव्हतं गा, देवाजी," आणि मी वहिनींच्या हातचा चहा पिऊन परत निघालो.

वीस तारखेला वाळूवर बसून मी मालकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी फुटलेल्या कोरचा तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाले, "त्याले घरी मीच पाठवलं ना. तू हे मले काय सांगून राहिला, त्याले सांग." कळमेश्वरला त्यांचा नवा कारखाना निघतो आहे. तिथं प्रत्येक साचा ओतण्याआधी तपासायला त्यांना माणूस हवा आहे, आणि त्या कामाला डोळा लागतो, दहा बोटं लागत नाहीत. ते स्वतः तुझ्याकडं यायला निघाले होते. मी म्हटलं, आधी माझं पत्र जाऊ द्या. यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर चौथा बगळा तू सांगशील तसा करू, हात माझे घे. माझं तोंड पाहायचं नसेल तर तू येशील त्या दिवसांत मी कारखान्यात येणार नाही. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, ती कोणत्या तोंडानं मागू? लिहिलं ते एवढ्यासाठी की त्या दिवशी सगळे तुला दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा फुटलेल्या साच्यापाशी मी एकटा होतो. मी हवेची भोकं मोजली. सात होती, आणि सातही उघडी होती. तू काहीही विसरला नव्हतास, नत्थू.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
देवाजी