मांडवापुरत्या पिशव्या

वासणा, बडोदे
७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

आमच्या झोपाळ्याची उजवी कडी आठवडाभर कुरकुरते आहे. तेल घातलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला रीतसर अर्ज दिला. झोपाळा घरातला आहे, एवढीच त्यांनी नोंद घेतली. दिवसभर त्यावर बसणाऱ्या नागरिकाला दाद मागायला जागा नाही.

मोहनाच्या लग्नाची पत्रिका पोचली. श्रद्धा येईल, मला जमणार नाही. कोयली रिफायनरीच्या कंत्राटदाराने ऑपरेशननंतर मला बिनपगारी विश्रांती दिली आहे, तेव्हा रजेचं कारण सांगता येत नाही. पुण्याची थंडी बाधते असं समज. मामा म्हणून चुलत्यांच्या शुभंकरला उभं कर. उभं राहणं त्याला चांगलं जमतं, दुसरं काही जमत नाही.

फोन करत नाही, तुझा स्पीकर सगळ्या घराला ऐकवतो. माया मात्र त्याच आवाजात चालू राहू दे.

तुझा
हेरंब

---

पुणे
१३ नोव्हेंबर २०२४

चि. हेरंबास अ. आ.

थंडी बाधते म्हणे. बाहेर पडलास तर बाधेल ना. श्रद्धाकडून सगळं काढून घेतलं. आतड्याचं ऑपरेशन झालं हे ठाऊक होतं, पण शौचासाठी पोटावर कायमची पिशवी बसवली आहे हे सख्ख्या बहिणीला सांगावंसं वाटलं नाही तुला. विमावाल्यांनी ऑपरेशनचे पैसे दिले आणि पिशव्यांना साबण-टूथपेस्टच्या रांगेत बसवून त्यांचे पैसे नाकारले. म्हणून तू एकच पिशवी धुऊन धुऊन, सुटेपर्यंत वापरतोस, कातडी सोलून घेतोस. शेजारच्या बारशात ती सुटली, तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाहीस.

मोहनाला सख्खा मामा एकच. ती म्हणते, मामा नसेल तर पाठीमागे शुभंकरमामा नको, भिंत चालेल. आता बोल.

पिशव्यांचा डबा पाठवते आहे. दुकानदार माप विचारत होता. तुझ्या मुंजीपासूनची सगळी मापं मला पाठ आहेत.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच
ताई

---

वासणा
२५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

डबा मिळाला. ताई, तू त्याला माझ्या कमरेचं माप सांगितलंस. त्याला हवं होतं पोटावरच्या छिद्राचं. कमरेचा आकडा ऐकून बिचाऱ्याने दुकानातली सगळ्यात मोठी पिशवी दिली असावी. माझ्या पोटाला चिकटवलेल्या चकतीवर ती बसत नाही, आणि उघडलेला डबा दुकान परत घेत नाही.

आम्हा पिशवीवाल्यांची इथे भिशी आहे. दर महिन्याला सगळे पैसे टाकतात आणि घाऊक भावात एकाचं खोकं येतं. माझी पाळी लग्नानंतर. श्रद्धाने तुझं पत्र, मला न विचारता, भिशीत वाचून दाखवलं. बायकोचा स्पीकर तुझ्यापेक्षा मोठा. या वेळचं खोकं कोयलीच्या माधवभाईंचं. त्यांनी घरी येऊन त्यातल्या थोड्या माझ्या हातात कोंबल्या. म्हणाले, भाणीचं, म्हणजे भाचीचं, लगन आहे, गुपचूप जाव. त्यांच्याही पोटाची कातडी काही शाबूत नाही. मी घेणार नव्हतो, पण मोहनाची ती भिंत डोळ्यांपुढे आली.

येतो. अक्षता पडेपर्यंत. पुढचं माझ्या हातात नाही.

तुझा हट्टी
हेरंब

---

वासणा
९ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

जयवंतरावांचा राग उतरला का? मी पंगतीला बसलो नाही म्हणून ते व्याह्यांना सांगत होते की बडोद्याच्या माणसाला श्रीखंड वाढायलाही अर्ज करावा लागतो. मेहुणे आहेत, त्यांना हक्क आहे. खरं कारण सांगू नकोस. आदल्या दुपारपासून मी पाण्यावर होतो. पोट रिकामं, तर पिशवी शांत.

अंतरपाटाआड मोहनाने हात मागे करून माझं बोट धरलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी हललो नाही, श्वाससुद्धा बेताने घेतला. मामा फार गहिवरला, असं बायका म्हणाल्या. म्हणू देत.

आता पुन्हा दार लावून बसलो आहे. विमावाल्यांनी नव्या अर्जाला जुनंच उत्तर पाठवलं. पाळीची वाट बघतो. भेटायला ये, मला येणं कठीण.

आहे तेवढ्यात तुझा
हेरंब

ता. क. उपासामुळे माधवभाईंच्या दोन पिशव्या उरल्या होत्या. स्टेशनवरून रिक्षा आधी कोयलीला नेली. त्यांच्या दाराच्या कडीला त्या अडकवल्या आणि बेल न वाजवता निघालो.